बक्षीस मिळालेलं बाळसं

अंगणवाडीतली बाई काय करते, असं विचारलं की बहुतेक लोक "खिचडी शिजवते" म्हणतात. शिजवते खरी, म्हणजे मदतनीस शिजवते आणि मी चव घेऊन मीठ कमी पडलं असं सांगते. पण आमचं मुख्य काम मोजण्याचं. लेकराला झोळीत घालायचं, झोळी काट्याला अडकवायची, काटा स्थिर होईपर्यंत लेकराचं रडणं आणि त्याच्या आजीची बडबड ऐकायची, मग वजन घ्यायचं. मग आडवं निजवून उंची. मग दंडाला पट्टी. ही पट्टी म्हणजे हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांची एक फीत. दंडाभोवती गुंडाळली की खाचेत जो रंग दिसेल, तशी लेकराची तब्येत. हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे दवाखाना गाठा. अक्षर न आलेल्या आईलाही वाचता यावी म्हणून ती तशी केलेली आहे.

या अंकाच्या संपादकांनी निरोप पाठवला, की तुमच्या हातून घडलेल्या चांगल्या गोष्टी लिहा. चांगल्या गोष्टी माझ्या बरोबरीच्या बायका लिहितीलच, त्यांच्या हातून पुष्कळ घडल्या आहेत. मला लिहायला बसल्यावर एकच लेकरू आठवत राहतं, त्याला मी काय करू? यात काही लपलेलं उघडं करते आहे, असंही नाही. आमच्या तांड्यावर ही गोष्ट लहानथोरांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही लोक मला रस्त्यात थांबवून चहाला बोलावतात, याचीच लाज वाटते.

औंढा नागनाथच्या डोंगरकडेला हा तांडा. जुन्या काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या लोकांचा. आता सगळे शेती करतात, आणि हळदीच्या दिवसांत वसमतच्या बाजूला कामाला जातात. माझं सासर शेजारच्या गावात, माहेर कुरुंद्याचं. म्हणजे मी हळदीतच वाढले. बाहेरच्यांना वाटतं हळद म्हणजे नुसता गुण. ती गुणाची आहेच, पण शिजवताना तिची वाफ आणि ढोलात घासताना तिची धूळ घामेजल्या अंगावर बसली, की काहीजणांची कातडी अशी उठते की विचारू नका. हात, मान, पायाचे घोटे खाजवून खाजवून लाल होतात. कुणाला नुसतं पुरळ, कुणाला चिघळलेलं इसब. मला घोट्यावर इसब होतं, लग्नाच्या आधीपासूनचं.

मोजमापाच्या कामात माणसं फार बघायला मिळतात. एक आई लेकराच्या पायात चांदीचे वाळे, हातात कडी आणि कमरेला घुंगरांचा करगोटा घालून आणायची. दागिने काढ म्हटलं की म्हणायची, "राहू द्या ना बाई, तेवढंच वजन दिसल." दुसरी उलट. लेकराचं वजन कमी भरलं तर आहाराची जास्तीची पाकिटं मिळतात हे तिला कळलं होतं, म्हणून सकाळपासून उपाशी ठेवून आणायची. आणि एक जमनाबाई. तिच्या नातीचं वजन केलं की आकडा मोठ्यानं उच्चारायचा नाही, असा तिचा दंडक. उच्चारला की नजर लागते. मी तिच्या कानाशी लागून हळूच सांगायची, आणि ती कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून भोवताली बघायची.

मी या बायकांना हसत असे. मातांच्या बैठकीत माझा एक ठरलेला विनोद होता. "सूज कोणती आणि बाळसं कोणतं, हे आईला कळलं पाहिजे," असं म्हणायचं, आणि मग आमच्या तेव्हाच्या सरपंचांच्या पोटाकडे विषय न्यायचा. "त्याला बाळसं म्हणू नका, ती सूज आहे." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. कितीदा तरी सांगितला असेन तो विनोद.

जमनाबाईची नात म्हणजे परी. सून सविता हिचं पहिलंच लेकरू. जन्मली तीच किरकोळ, वजन वाढीच्या तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात अडकलेलं, आणि त्यातून गालांवर, मानेच्या घडीत, कोपराच्या आत इसब. बिचारी पोर खाजवून खाजवून रडायची, नीट दूध प्यायची नाही. सविता तिचे हात फडक्यात गुंडाळून ठेवायची. जमनाबाईनं कडुनिंबाचं पाणी करून पाहिलं, मी खोबरेल सांगितलं, उपकेंद्रातल्या नर्सताईनं एक मलम दिलं. त्यानं थोडा उतार पडे, पुन्हा उठे.

त्याच दिवसांत मी औंढ्याला गेले होते. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला फुलं, प्रसाद, खेळण्यांची दुकानं असतात. त्यांच्या टोकाला एकानं चटई टाकून मलमांच्या हिरव्या नळ्या मांडल्या होत्या. नळीवर पानाचं चित्र आणि खाली जिलेबी घातल्यासारखी चिनी अक्षरं. माणूस बोलायला गोड. "देखो बाई, चायना की जडीबुटी है. पुरखों का नुस्खा. सूजन, खुजली, सब साफ. केमिकल का नाम नहीं." मी विचारलं, यात आहे काय? तो म्हणाला, मुळ्या आहेत, साली आहेत, जसं तुमच्याकडे हळद तसं त्यांच्याकडे हे. हळदीचं नाव काढलं आणि कुरुंद्याची लेक विरघळली.

खरं सांगायचं तर आपल्याकडे एक खुळ आहे, आणि ते माझ्यातही होतं. औषध झाडपाल्याचं म्हटलं की आपण पुढचं विचारत नाही. गुण आला तर आला, अपाय तर नाही ना, हे वाक्य आपल्या तोंडातच असतं. डॉक्टरनं गोळी दिली तर आपण उलटून चार प्रश्न विचारू. झाडपाल्याला एकही नाही. त्यात वरची अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून उलट ते मोठंच काहीतरी असणार, असं मला वाटलं.

एक नळी घेतली. रात्री घोट्याला लावलं, सकाळी खाज थांबलेली. दुसऱ्या दिवशी इतक्या वर्षांचा घोटा लेकराच्या पायासारखा मऊ. मी काय तो पाय मिरवला! अंगणवाडीत खुर्चीवर बसून साडी वर करून बायकांना घोटा दाखवायची. सविता एकदा बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, माज्या परीला चालंल का ओ हे?"

मी म्हणाले, "झाडपाल्याचं आहे. अपाय तर नाही."

एवढंच. पंचवीस-तीस वर्षं लेकरांच्या आरोग्यावर बोलणाऱ्या बाईनं त्या पोरीला दिलेला सल्ला एवढाच होता. तिचा नवरा औंढ्याला गेला आणि नळ्या घेऊन आला.

परीचे गाल पाहता पाहता निवळले. ती शांत झोपायला लागली, दूध प्यायला लागली. सविता दिवसातून दोन-तीनदा अंगभर मलम चोपडायची, कारण थांबवलं की पुन्हा लाली दिसायची. आणि मग परीनं बाळसं धरलं. गाल वर आले, डोळे त्यात बारीक झाले, पोट गरगरीत झालं, हनुवटीखाली वळी पडली. कातडी इतकी नितळ झाली की खालच्या निळ्या शिरा दिसायच्या, आणि बायका म्हणायच्या, "पोरगी गोरी पडली वं!" कपाळावर आणि गालांवर बारीक लव आली, तर जमनाबाई पिठाचा गोळा फिरवून ती काढायची. तांड्यावरची प्रत्येक बाई परीला उचलून घ्यायची. जमनाबाई तिच्या गालाला काजळाचा ठिपका लावायची, त्याचा आकार दर आठवड्याला मोठा होत गेला.

आणि मी? मी तर हवेत होते. पिवळ्यातलं लेकरू माझ्या अंगणवाडीत हिरव्यात आलं होतं. पर्यवेक्षिका मॅडम, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्या आमच्या वरच्या बाई, आल्या की मी आधी परीलाच मांडीवर घेऊन बसायची. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "या वेळी सुदृढ बालक स्पर्धेत हिला आणा."

स्पर्धा मोठ्या गावच्या शाळेच्या पटांगणात होती. मंडप, माईक, पाहुणे, सगळा थाट. आदल्या दिवशी मी परीचं सगळं पुन्हा मोजलं. वजन उत्तम. दंडाला पट्टी लावली तर खाचेत पिवळा. म्हटलं, लेकरू हात आखडतंय. पुन्हा लावली, पुन्हा पिवळा. परीचा दंड तेवढ्या मोठ्या चेहऱ्याच्या मानानं खरंच काटकी होता. बाळसं आधी तोंडाला येतं, मग अंगाला उतरतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्यांदा पट्टी लावली ती झबल्याची बाही न सारता, बाहीवरूनच. झबलं जाडसर फ्लॅनेलचं होतं. हिरवा आला. सविता समोर बसली होती. तिला काय कळणार, आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

परीचा पहिला नंबर आला. पाहुण्यांनी तिचा गाल चिमटीत धरला, फोटो काढला. माईकवरून मीच परीचं वजन मोठ्यानं सांगितलं, टाळ्या पडल्या. जमनाबाईनं आरशांच्या चोळीवरची ओढणी चटकन नातीच्या तोंडावर ओढली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विष कालवलं होतं. सविता मात्र हसत होती. लग्न होऊन तांड्यावर आल्यापासून त्या पोरीला कुणी टाळ्या वाजवलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. बक्षिसाचा स्टीलचा डबा तिनं परीच्या वरताण छातीशी धरला होता.

तो फोटो मोठा करून मी अंगणवाडीच्या भिंतीवर लावला. एक प्रत सविताच्या घरी गेली. बायका फोटोकडे बघून सविताला विचारायच्या, लेकराला काय देती? सविता सांगायची, हिरवं मलम. अशी ती नळी आणखी काही घरांत शिरली.

थंडी पडली आणि औंढ्याच्या रस्त्यावरची ती चटई नाहीशी झाली. माणूस कुठला, कुठे गेला, कुणाला माहीत नव्हतं. सविताची शेवटची नळी संपली. माझ्याकडे माझी अर्धी उरली होती, ती मी पर्समध्ये घेऊन फिरायची, पण सवितानं मागितली नाही आणि मला सुचलं नाही. आठवड्याभरातच एका सकाळी मी अंगणवाडीच्या खोलीचं कुलूप काढते आहे तोवर सविता धावत आली. परी खांद्यावर, मान टाकलेली.

"बाई, परी डोळे उघडून न्हाई राहिली. कालपासून दूध पिऊन न्हाई राहिली, नुसती उलटी करून राहिली."

मागून जमनाबाई मीठ-मिरच्या मुठीत धरून. दृष्ट काढून झाली होती, ती उतरली नव्हती. मी परीचा हात धरला, तो गार होता. आम्ही गावातली जीप धरली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात नेलं. वाटेत सविता परीचे गार हात चोळत होती. जमनाबाई मात्र सारखी म्हणत होती, "म्या म्हणलं व्हतं, आकडा बोलू नगा. काहून बोलल्या माईकात?"

लेकरांची डॉक्टर वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं आधी सुया लावल्या, सलाईन लावलं, धावपळ केली. परीचा श्वास जरा ठिकाणावर आल्यावर आमच्याकडे वळली. "हिच्या अंगाला काय लावत होता?"

सविता माझ्याकडे बघायला लागली. मी पर्स उघडून माझी नळी काढून दिली.

डॉक्टरनं ती उलटसुलट करून पाहिली. "यावर काय लिहिलंय ते मलाही वाचता येत नाही. लावल्यावर दोन दिवसांत साफ झालं असेल ना?"

"हो," मी म्हणाले. अजूनही माझ्या आवाजात थोडा अभिमान असावा.

"मग तिथंच ओळखायला हवं होतं. मुळ्या-सालींना एवढी घाई नसते."

मग तिनं समजावलं. अशा नळ्यांत पुष्कळदा जडीबुटीच्या नावाखाली जोरकस स्टिरॉइड मिसळलेलं असतं, वर लिहिलेलं नसतं. मोठ्यांनाही ते जपून लावतात. लेकराच्या पातळ कातडीतून, तेही अंगभर, तेही महिनोन् महिने, ते आत जातं. तसलंच एक द्रव्य माणसाच्या शरीरात आपोआप तयार होतं आणि त्यावर माणूस आजारपणाला तोंड देतो. बाहेरून आयतं मिळायला लागल्यावर परीच्या शरीरानं ते बनवणंच थांबवलं. मलम संपलं, आता बाहेरूनही नाही आणि आतूनही नाही.

"तुम्ही अंगणवाडीच्या ना? हिची उंची किती वाढली?"

वजन मला तोंडपाठ होतं. उंची मी बऱ्याच दिवसांत नीट घेतली नव्हती. निजवून पाय सरळ धरायला दोघी लागतात, मदतनीस कामात असली की मी अंदाजानं भागवायची.

"दंडाची पट्टी?"

"हिरवी." मग माझं मलाच राहवलं नाही. "बाहीवरून."

तिनं परीच्या उघड्या दंडाला पट्टी लावली. पिवळा होता, लालच्या काठावर. मग बोट परीच्या फुगलेल्या गालाजवळ नेऊन ती हळूच म्हणाली, "ही सूज आहे हो, बाई."

तो माझाच विनोद होता. फक्त या वेळी कुणी हसलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मला तेव्हा खरोखरच त्या खोलीतून नाहीसं व्हावंसं वाटलं, आणि सविता माझा पदर धरून उभी होती, कारण त्या दवाखान्यात तिच्या ओळखीची मी एकटीच होते.

परी वाचली. पुष्कळ दिवस लागले. जे औषध बाधलं तेच तोंडावाटे थोडं थोडं द्यायचं आणि हळूहळू कमी करत न्यायचं, असा उपचार. सविताला ते पटेना. "बाई, ज्याला जहर म्हणल्या, तेच पाजून राहिले." मी म्हणाले, "लेकरू माडीवर चढलंय. ढकलून नाही उतरवायचं, एकेक पायरी उतरवायचं." तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास तेव्हाही होता.

एकदा डॉक्टर निवांत भेटली. मी चिनी लोकांच्या नावानं बोटं मोडायला लागले, तर तिनं मला थांबवलं. म्हणाली, त्यांच्या वैद्यकाला नावं ठेवू नका. सूज आणि लाली उतरवायला त्यांच्याकडे जुन्या काळापासून एक पिवळ्या पुडीचा लेप आहे, बऱ्याच मुळ्या-साली कुटून केलेला. त्यात हळद असते. मी विचारलं, "आपली हळद?" ती म्हणाली, "हळदच. तोही लेप मी तान्ह्या लेकराला विचारल्याशिवाय लावू देणार नाही, पण तो प्रामाणिक तरी आहे. ही नळी चिनीही नाही आणि जडीबुटीही नाही, नुसती लबाडी आहे." मुक्या माराला आई हळदीचा लेप लावायची, ते मला आठवलं. त्यानं सूज उतरायला वेळ लागायचा, आणि आम्ही वाट बघायचो.

परी परत आली ती वाळलेली. चेहरा उतरला, गालांवर पुन्हा लाली, पोट सपाट. खरं तर तेच तिचं मूळ रूप होतं. पण तांड्यावर बोललं काय गेलं? "सोन्यासारखं लेकरू दवाखान्यानं वाळवून टाकलं." जमनाबाईचा दोष नजरेला, म्हणजे माझ्या माईकला. ज्यासाठी मला बोल लावायला हवा होता त्यासाठी कुणी लावला नाही, आणि ज्यात माझी चूक नव्हती त्यासाठी जमनाबाई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. ते मला एका अर्थी बरं वाटायचं.

नळ्या अजून घराघरांत होत्या, हे मोठं संकट होतं. मी बैठक घेतली. डॉक्टरनं शिकवलं होतं तसं सांगितलं, की मलम एकदम थांबवायचं नाही, लेकरू घेऊन आधी दवाखान्यात चला. एक तरुण आई भिंतीकडे बोट करून म्हणाली, "पण बाई, बक्षीस तर याच मलमाला दिलं ना तुमी?" फोटो तिथंच होता. हसरी सविता, गोल परी, पाहुण्यांची चिमूट. मी सगळ्यांदेखत खुर्चीवर चढून तो उतरवला. तेवढं जमलं. पण सविता मागच्या रांगेत बसली होती, आणि तिच्यासमोर "ते बक्षीस आजाराला मिळालं होतं" हे मला बोलवलं नाही. "या मलमानं एका लेकराला त्रास झाला," असं मी म्हणाले. एका लेकराला! जसं काही ते कुठल्या परगावचं होतं.

बायकांना मी दवाखान्यात नेलं. काही राजीखुशीनं आल्या, काहींना त्यांच्या सासवांशी भांडून न्यावं लागलं. एकीनं नळी चुलीमागे लपवली होती. तिच्या लेकराचे गाल नुकते वर यायला लागले होते, ते सोडून द्यायला ती तयार नव्हती. तिच्या दारात मी रोज जाऊन बसायची, शेवटी कंटाळून ती आली. नळी मी वर अधिकाऱ्यांकडेही तक्रारीसोबत दिली. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, बहुधा काहीच झालं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकाही लेकराच्या दंडाला मी बाही वर सारल्याशिवाय पट्टी लावली नाही. थंडीत आया कुरकुर करायच्या.

नोकरी संपली तेव्हा तांड्यानं माझा निरोपाचा कार्यक्रम केला. नारळ, साडी, भाषणं. जमनाबाईनंही माझ्या कपाळाला कुंकू लावलं. परी आता शाळेत जाते. वर्गातल्या पोरींपेक्षा ठेंगणी आहे, पण धावते, भांडते, पाढे म्हणते. कोपराच्या आत अजून इसब उठतं कधीमधी. डॉक्टरनं दिलेलं साधं मलम लावतात.

सगळं आटोपल्यावर सविता परीचं बोट धरून आली. हातात साडीत गुंडाळलेलं काहीतरी. उलगडलं, तर तोच फोटो, नवी चौकट केलेला, काच पुसून लख्ख.

"बाई, तुमाला काय द्यावं काही समजं ना. आमच्या घरात लोकांनी टाळ्या वाजवल्याली एवढी एकच फोटू हाय. तुमच्यामुळं मिळाली. तुमी ठिवा."

घ्यायला हात पुढे होईना. तेवढ्यात परीनं मान वाकडी करून फोटोत पाहिलं. "याडी, ही कोन?"

याडी म्हणजे आई. सविता हसली. "तूच ना वं."

"मी तर बारीक हाय. ही एवढी काहून जाड हाय?"

"तवा तू लई चांगली व्हतीस, ना ओ बाई? तवा तू..." सविता शब्दासाठी माझ्याकडे बघायला लागली. 'सुदृढ' हा शब्द मीच तिला दिला होता. मी नुसतं हं म्हणाले असते तरी चाललं असतं. पण परी आता अशा वयात होती की जे ऐकेल ते जन्मभर खरं धरील, आपण पूर्वी चांगल्या होतो आणि आता नाही, हेही. तिच्या पोरीनं उद्या तिला विचारलं तर ती तेच सांगेल.

मी परीसमोर उकिडवी बसले. "तेव्हा तू सुजली होतीस, बाळा," मी म्हणाले. "औषध बाधलं होतं. चूक माझी होती. चांगली तू आत्ता आहेस."

परीनं एकदा फोटोकडे बघितलं, एकदा स्वतःच्या दंडाकडे, आणि ती पोरींकडे पळाली. तिच्यापुरतं ते संपलं होतं.

सविता फोटो हातात घेऊन तशीच उभी. मला वाटलं, आता तरी ही मला बोलेल, मनसोक्त शिव्या देईल. तिनं पदरानं काच पुन्हा पुसली, जिथं परीचा गाल होता तिथं. वर बघितलंच नाही.

"मला ठाव व्हतं, बाई," ती म्हणाली. "डाक्टरीणबाईनं तवाच सांगितलं व्हतं. पन एवढं तरी राहू द्यायचं व्हतं ना आमाला."